पाठीकडून

पेट्रोल पंपाच्या कॅफेत बोलावलं, तेव्हाच कळायला हवं होतं.
आमच्या बैठका हन्नूच्या गॅरेजमध्ये व्हायच्या,
रंगाच्या रिकाम्या डब्यांवर बसून.
इथे तिघं एका बाजूला, मी एकटा समोर,
मध्ये बशीत साखर लावलेले चार गोल पाव.
म्हणजे माझाही मोजला होता.

एस्कोने घसा साफ केला. गाण्याआधीही तो असाच करतो.
म्हणाला, उर्पो, तसं काही नाही.
तसं काही नाही म्हणत जे सुरू होतं
त्यात सगळंच असतं.
म्हणाला, ठेका आता मशीनवरही येतो,
गाडीत जागाही होते.
हन्नू खिडकीतून लाकडाचे ट्रक मोजत होता.
पेन्टीनं, ज्याच्या लग्नात मी ताप अंगात घेऊन पहाटेपर्यंत वाजवलं,
माझ्याकडे पाव सरकवला.

मी तो खाल्ला.
याची लाज मला अजून वाटते,
काढून टाकलं त्यापेक्षा जास्त.

गाडीची किल्ली मागितली, दिली.
गाडी थंड असली की क्लच दोनदा दाबून
तिसऱ्यांदा अर्ध्यावर धरायचा असतो,
हे कोणी मागितलं नाही.

ड्रम सौनाच्या बाहेरच्या खोलीत ठेवले, टॉवेलांखाली.
ओउतीचा तुर्कूहून फोन आला: बाबा, रडताय का?
म्हटलं, मासे साफ करतोय.
दोन्ही करत होतो.
तीन आठवडे हात ऐकेनात.
टेबलावर, स्टिअरिंगवर, दवाखान्यात रक्त काढताना
दुसऱ्या हाताची बोटं नर्सच्या ट्रेवर.
वाल्ट्झ होता. तिनं ओळखला नाही.

मग जूनमधल्या एका शनिवारी
केमीच्या नदीकाठच्या नाचाच्या मंडपात तिकीट काढून गेलो.
रात्रीचे दहा, आणि ऊन पाण्यावर आडवं पडलेलं.
एकोणीस वर्षं मी या तिघांच्या पाठीच पाहिल्या होत्या.
एस्कोच्या कोटाची उसवलेली शिवण,
हन्नूचं वाढत गेलेलं टक्कल.
समोरून ते मला अनोळखी वाटले,
जरा म्हातारे, जरा घाबरलेले.
माझ्या जागी स्टुलावर एक काळं खोकं,
पावाच्या डब्याएवढं.

खोकं चुकत नव्हतं. खोटं कशाला बोलू?
मी चुकायचो, बिअरनंतर तर नक्की.
पण एस्को दुसऱ्या कडव्याआधी एक श्वास जास्त घेतो,
सिगारेटचा श्वास,
आणि तेवढ्यापुरता मी थांबायचो.
कोणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही.
त्याला वाटत असणार, आपला दम अजून टिकून आहे.

खोकं थांबलं नाही.
शब्द मागे राहिले, ठेका पुढे गेला,
एस्को त्याच्यामागे धावला,
सुटलेल्या बसमागे धावावं तसा.
मला हसू यायला हवं होतं. त्यासाठीच तर आलो होतो.
पण माझा उजवा हात हवेत उचललेला,
त्याला आधार द्यायला,
आणि हातात काठी नाही.

तेवढ्यात भिंतीवरचा लाल दिवा लागला:
आता बायकांनी पुरुषांना विचारायचं.
हिरव्या बुटांची एक बाई समोर आली.
हेल्वी म्हणाली, इथे नेहमी येता?
म्हटलं, एकोणीस वर्षं. पण नाचायला पहिल्यांदा.
पाय माझे लाकडाचे. सम कुठे आहे हे पक्कं ठाऊक,
तिथे पोचायचं कसं, ते माहीत नाही.
अर्ध्या गाण्यानंतर ती कानाशी बोलली,
माझ्या पाठीवर वाजवू नका हो.
मी बोटं आवरली.
पुढच्या वळणावर ती म्हणाली,
बरं, थोडं वाजवा.

एक वाजता पार्किंगमध्ये डास, फिकट आभाळ,
आणि आमची, म्हणजे त्यांची, गाडी खोकत होती.
सुरू होईना. पेन्टी ढकलत होता.
हेल्वी म्हणाली, मदत करायला हवी ना?
म्हटलं, करू की.
एका गाण्यापुरतं थांबू आधी.