सीन बेचाळीस

शुक्रवारी माग बंद, म्हणून साखर पेठेतली ही शेड फुकट.
कापसाची धूळ झटकून नऊ जण बसलो चादरींच्या गठ्ठ्यांवर.
मधे माझी पटकथा, झेरॉक्स एकच,
पानं हातोहात फिरताना शेंगाचटणीनं तेलकट.

बेचाळिसावा सीन : बापाची अंत्ययात्रा. दोनशे माणसं.
‘दोनशे जणांना चहा कोण पाजणार?’ इरण्णा विचारतो.
हिशेबाची वही त्याच्याकडे, म्हणून आवाजही.
‘पन्नास कर.’
‘वीस.’
‘माणसंच नकोत, दाराबाहेर चपला दाखव,’ शबाना म्हणते,
‘गल्लीतून मी मागून आणते.’
मी भांडतो. माझी दोनशे माणसं
मला रात्रभर दिसली होती.

अंबुबाई चिप्पा किल्ली न्यायला आलेली,
दारातच उभी.
म्हणाली, ‘आमचे नायना गेले तेव्हा
शेजारचा माग थांबला. मग पलीकडचा.
सांगत कुणी फिरलं नाही.’

पंख्याकडं बघत बसलो सगळे. तोही बंद.
इरण्णानं वहीत लिहिलं : खर्च शून्य.
मी दोनशेवर काट मारली,
पेन्सिलीनंच, पुसता येईल अशी,
खाली लिहिलं : एक माग थांबतो.
मग दुसरा.

‘आणि चपला?’ शबाना.
‘आण त्याही.’