सहा भोकांचा हिशेब

आमच्या बँडच्या लाल वहीत
बाबालाल नदाफचं नाव सगळ्यात खाली.
क्लॅरोनेटला बारा, ट्रम्पेटला दहा,
'बाबालाल, शिट्टी', साडेतीन रुपये आणि जेवण.
वही मी लिहायचे. अक्षर बरं होतं म्हणून
वडिलांनी मला शाळेतून आल्या आल्या गादीवर बसवलं होतं.
शिट्टी हे वाद्य असतं का, हा प्रश्न
आठवीपर्यंत मला पडला नाही.

वाद्य कसलं, पत्र्याची नळी.
पहिली टेंबलाईच्या जत्रेत चार आण्याला घेतलेली,
दुसरी त्यानं उद्यमनगरात, जेवणाच्या सुट्टीत
लेथवर स्वतः केली, जुन्या स्टोव्हचं पितळ कापून.
तोंडाशी बाभळीची खुट्टी.
बाप कापूस पिंजायचा. धनुकलीची तात
दिवसभर घरात घुमायची.
"पोरास्नी कंठ फुटतो," बाबालाल म्हणायचा,
"मला कान फुटला."

मग पॉवर प्रेसखाली
उजव्या हाताच्या अनामिकेचं पेर गेलं.
सहावं भोक उघडं पडलं, ते कायमचं.
सगळ्यात खालचा सूर, जिथं गाणं घरी येतं,
तिथं पोचला की बाबालाल गप्प.
तेवढ्या जागेत ढोलवाला एक ढबाक टाकायचा
आणि वरात पुढं सरकायची.

एकदा त्याला स्टुडिओत नेलं.
मेंढपाळाचा प्रसंग, दिवसभर फुंकून घेतलं.
पडद्यावर मेंढपाळाच्या ओठांशी लांब, शोभेची बासरी.
बाबालालनं तिकीट काढून तीनदा पाहिला.
"आवाज माझा हाय," म्हणाला, "थुंकी त्याची."

एकोणऐंशी साली शिरोलीच्या फौंड्रीत
मशीन बसवायला आयर्लंडचा एक फिटर आला,
फिनबार. ते नाव कुणाच्या तोंडात बसेना,
म्हणून बारसाहेब.
त्याच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी
तसलीच नळी. सहाच भोकं.
गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर, भडंगाचा कागद मध्ये ठेवून,
दोघं संध्याकाळच्या संध्याकाळ बसायचे.
भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती.
त्यानं एक गत वाजवली, उड्या मारत जाणारी,
बाबालालनं मांडीवर मात्रा मोजल्या:
"हा तर दादरा की! नुस्ता घाईत निघालाय."
कुणी शिकवली, विचारलं खुणेनं.
त्यानं हात कमरेइतका खाली धरला:
एवढी बुटकी एक म्हातारी.

दीड महिन्यानं बारसाहेब गेला. गत राहिली.
शाहूपुरीच्या वरातींत ती वाजू लागली,
मग पापाच्या तिकटीवर, मग दुसऱ्या बँडांत.
लोक म्हणायचे, 'ते नदाफाचं वाजवा.'
शेवटच्या सुराशी तोच खड्डा, त्यात तोच ढबाक.

पुढं स्पीकरच्या भिंती आल्या.
आम्ही ट्रम्पेटं किलोवर विकली.
बाबालाल कुकर दुरुस्त करू लागला.
"शिट्टीवाला शिट्टीतच ऱ्हायला," लोक हसायचे,
तोही हसायचा, आणि रबर बदलून झालं
की शिट्टी कानाशी धरून हलवून बघायचा.
गेला तेव्हा मी पुण्यात होते, लेकीच्या बाळंतपणाला.

यंदा आषाढात टेंबलाईला गेले.
नव्या पाण्याच्या घागरी, गुडघ्यात कुरकुर,
आणि मागून कुठल्याशा गल्लीचा पी-ढबाक.
पोरानं तीच गत धरली, प्लॅस्टिकच्या पिपाणीवर.
घराजवळ आला आणि थांबला.
ढबाक.
मी त्याची बोटं पाहिली. दहाच्या दहा शाबूत.
"शेवटचा सूर का सोडलास रे?"
"सोडला कुटं, आज्जी? हितं थांबायचंच असतंय."

पायऱ्या उतरताना आठवलं:
कसबा बावड्याचं एक लग्न, मानपानावरून मोडलेलं.
वाजवणं झालं होतं, पैसे आले नव्हते.
सगळ्यांचे वडिलांनी नंतर खिशातून भागवले,
वहीत सगळ्यात खाली पाहायचं राहिलं.
साडेतीन रुपये.
आणि जेवण.