कानोसा

सेतियूच्या खाडीपासून दोन तासांवर
बाबा इंजिन बंद करतात
आणि होडी एकदम म्हातारी होते.
फळ्या कुरकुरतात, दोर उसासतो,
पाणी तळाला चाटत राहतं.

"आता बोलायचं नाही, झाहारा."
मी कुठे बोलत होते?
फोनला रेंज नाही, एवढाच विचार करत होते.
"तेसुद्धा नाही," ते म्हणतात.

मग सारोंग खोचून काठावरून उतरतात,
डोकं पाण्याखाली,
एका हातानं होडी धरलेली,
शेजारच्या घरात डोकावताना
चौकट धरावी तशी.
वर फक्त चार बोटं उरतात.
सदुसष्ट वर्षांची चार बोटं.
कोळीवाड्यात असं ऐकणारे आता दोघंच,
आणि दुसऱ्याला कमी ऐकू येतं.

सोब्रीच्या, माझ्या भावाच्या, होडीवर पडदा आहे.
त्यावर मासे लाल-पिवळ्या डागांसारखे उमटतात,
किती आहेत, किती खोल, सगळं आकड्यांत.
"तो किती ते सांगतो," बाबा म्हणाले होते,
"काय म्हणतायत ते कुठे सांगतो?"
सोब्री हसला होता. मीही.

आज दोर ओढायला माणूस नाही म्हणून मी आलेय.
आणि आता ते वर येऊन, दाढी पिळत,
मला म्हणतात, "उतर."

पाण्याखाली आधी काहीच नाही.
मग ढब, ढब, ढब.
वर येऊन सांगितलं.
"ते तुझं काळीज. सगळ्यांना आधी स्वतःचंच ऐकू येतं.
जा परत."

दुसऱ्यांदा तडतड,
तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. "कोळंबी."
आणि एक गुरगुर, दाढ ठणकावी तशी,
कुठून येते कळत नाही, पण थांबत नाही.
"ट्रॉलर. बारा मैलांवर असेल.
त्याच्या पलीकडचं ऐक."

पलीकडचं म्हणजे काय, कोण जाणे.
तिसऱ्यांदा कानात प्राण आणले
आणि श्वास संपत आला तेव्हा
त्या गुरगुरीच्या खाली
रिकाम्या करवंटीवर बोटाच्या पेरानं ठोकावं तसं
कुणीतरी ठोकलं.
लांबून कुणी उत्तर दिलं.
मग तिसऱ्यानं. मग मोजता येईनात.
गलामा. आपल्या ताटात तळून येतो तोच.
जन्मभर मला वाटत आलं होतं की मासे मुके असतात.
ते काय बोलत होते मला कळलं नाही.
एवढं मात्र कळलं,
की त्यात माझ्याबद्दल एक शब्दही नव्हता.

बाबा पुन्हा उतरले. फार वेळ राहिले.
जाळ्याच्या होडीवरून ममात ओरडला,
"किती आहेत?"
बाबांनी कानातलं पाणी झटकलं.
"काही नाही. पुढे चला."

मी त्यांच्याकडे बघितलं.
त्यांनी माझ्याकडे सरळ कानाडोळा केला.

संध्याकाळी खोक्यात अर्धं बर्फ, पावशेर लाज
आणि बोटावर मोजण्याइतके बांगडे.
धक्क्यावर सोब्रीनं न विचारता वाटणी दिली.
घराच्या वाटेवर बाबा एकदाच बोलले,
तेही चपलेतली वाळू झाडता झाडता:
"लग्न होतं त्यांच्यात.
लग्नघरात कुणी जाळं टाकतं का?"
आणि जरा पुढे जाऊन,
"दर वेळी नाही जमत हे. पोट आहे."

रात्री मी न्हाणीघरातल्या बादलीत डोकं घातलं.
नळाचा थेंब. फ्रिजची घरघर.
भिंतीपल्याड आईचं चालणं,
डावा पाय जरा ओढत.
कधीपासून ओढतेय ती?

दारावर टकटक झाली.
"काय करतेयस आत एवढा वेळ?"
"ऐकतेय," मी म्हणाले.

तिनं काही विचारलं नाही.
पावलंही परत गेली नाहीत.
दाराच्या त्या बाजूला
तीही उभी राहिली, गप्प.