धोटा

गोळीबार चौकात, मे महिन्यात, रात्री साडेअकराला
कूलरचं पाणी संपलं
तेव्हा मी त्याच चार चित्रांवर बसले होते.
आकाशाचा नखाएवढा तुकडा,
वीस-वीस मिनिटांनी टिपलेला,
कुठल्याशा परदेशी दुर्बिणीनं
आमच्या शाळेला फुकट पाठवलेला.

चित्रं एकामागे एक पळवायची.
तारे जागचे हलत नाहीत.
हललं, ते कळवायचं.

आई बादली घेऊन आली. ओतता ओतता थांबली.
वीस वर्षं तिनं लुगडी उजेडाला धरून
सेठच्या आधी चूक पकडली होती,
नाहीतर मजुरी कापली जायची.
"हे टिपकं काऊन सरकून राहिलं?"
म्हणाली, आणि ओलं बोट
पडद्यावर टेकवलं.

अर्जात शोधणाऱ्याच्या नावाला एकच रकाना होता.
मी लिहिलं : प्रणोती हेडाऊ, इयत्ता अकरावी.
बोटाचा डाग पुसून टाकला.

मग नऊ वर्षं त्याला नुसतं साल, दोन अक्षरं, एक आकडा.
मंगळ आणि गुरूच्या मधल्या गर्दीत
ते सूर्यामागे जायचं, हरवायचं,
पुन्हा कुणाला तरी कुठेतरी दिसायचं.
इकडे मेट्रोचे खांब आले.
बाबांचा माग भंगारात गेला, किलोवर.
मी मिहानमध्ये नोकरीला लागले.

पत्र आलं : कक्षा पक्की झाली, आता नाव सुचवा.
सोळा अक्षरांच्या आत.
दुकानाचं नको, पाळलेल्या कुत्र्याचं नको.

मी आईचं नाव लिहिलं, पुष्पलता.
तिला वाचून दाखवलं तर भडकली.
"दगडावर नाव जित्या माणसाचं नसते बाप्पा!
अजून मेली नाही मी."

दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी फळीवरून धोटा काढला,
भंगारवाल्यापासून लपवलेला,
टोकांना पितळ, मधे
बाबांच्या अंगठ्यानं पडलेला खळगा.
तोंडानं काही म्हणाली नाही.
माझ्या लॅपटॉपवर ठेवून भाकरी थापायला गेली.

कारण दोन ओळींत द्यायचं होतं.
मी लिहिलं : मागावर इकडून तिकडे जाणारं लाकूड.
दरवेळी परत येतं.

नाव मंजूर झालं त्या डिसेंबरात
तिला गच्चीवर नेलं.
डोळ्यांनी ते दिसत नाही, हे आधीच सांगितलं होतं.
तरी "कुठं?" म्हणून विचारलंच.
मी दोन ताऱ्यांमधली जागा दाखवली.
एक डोळा मिटून तिनं बराच वेळ
आभाळ उजेडाला धरल्यासारखं पाहिलं.

"तिथं एक धागा गेला हाय,"
हळूच म्हणाली.
"सेठले नोको सांगू."