तराफ्यावर विचारलेला प्रश्न

कालाबोला डांबर संपतं.
पुढे लुआंगिंगा नदी, आणि माणसांनी दोर ओढून न्यायचा तराफा.
एका खेपेला एक गाडी,
कडेला जागा उरली तर दोन सायकली आणि एक बोकड.

माझ्या वहीत तीन मुक्काम लिहिलेले.
पहिला, लॉज: पाणथळीकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्या,
रात्री अंथरुणात गरम पाण्याची पिशवी,
भाडं असं, की हेरंबने आकडा दोनदा वाचला
आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
दुसरा, गावकऱ्यांचा तळ: चार झाडं, एक हातपंप,
सरपण त्यांचं, चूल आपली.
तिसरा इथेच, नदीच्या अलीकडे, बाजारामागे.
पंखा आहे म्हणे. वीज आली तर फिरतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ठीक.
पण अंथरूण घालावं कुठे,
यावर आमच्या घरात कुणी काही बोललेलं आठवत नाही.

दोर ओढणाऱ्याचं नाव मुकेलाबाई.
मी हसू दाबलं. एवढा उंच, खांद्यांचा माणूस,
आणि तराफ्यावर बाई म्हणावी अशी मी एकटीच.
त्याने आधी चाकांकडे पाहिलं:
हवा कमी करा, पुढे वाळूच वाळू आहे.
मग माझ्याकडे:
रात्री उठावं लागतं?

त्रेसष्ट वर्षं, डावा गुडघा कुरकुरणारा.
इतकी माहितीपत्रकं चाळली, सगळ्यांत सूर्यास्त होता,
हे एकानेही विचारलं नव्हतं.
लागतं, म्हटलं. दोनदा.

मग माझ्या बहिणीच्या तळावर जा. इनोंगेकडे.
तिथे संडास तंबूपासून बारा पावलांवर.
लॉजमध्ये तो आतच आहे.
पण मग तुम्ही बाहेर कशाला याल?

पहिल्यांदा उठले तेव्हा काही झालं नाही.
दुसऱ्यांदा, पहाटे तीनच्या सुमारास, सातव्या पावलावर
बॅटरी मिणमिणली आणि गेली.
मैदान कुठे संपतं ते कळेना,
चांदण्या पार घोट्यापर्यंत उतरलेल्या,
आणि चहूबाजूंनी विल्डेबीस्ट, दिसत एकही नव्हता,
नुसता हुंकार, जसं लग्नघरात पहाटे
शंभर म्हाताऱ्यांनी पडल्या पडल्या घसा खाकरावा.
समोर दोन हिरवे ठिपके. तरस.
तो थांबला. मी थांबले.
पाहुणीला वाट द्यावी तसा तो बाजूला झाला,
आणि जाता जाता
तंबूबाहेर ठेवलेला हेरंबचा एक बूट घेऊन गेला.

मी ओरडले नाही. का, ते अजून सांगता येत नाही.
उरलेली पाच पावलं मोजून टाकली,
परत येताना मोजायचं विसरले.

सकाळी इनोंगे आली, गुडघ्यात वाकून
हलकेच टाळ्या वाजवत म्हणाली, मू झुहिले?
कसे उठलात?
रात्र गेली, झोप लागली की नाही, त्याचं इथे काही नाही,
उठलात कसे, तेवढं सांगा.
मी सांगितलं, दोन्ही वेळचं, बुटासकट.
तिला हसताना हातातली किटली खाली ठेवावी लागली.

नकाशावर जिथे हिरवा रंग भरलाय
तिथे ती भांडी घासते.
तिच्या आजोबांनी मासे अडवायला जो ओहोळ धरला
तो अजून तिच्याच घराकडे आहे.
तिने पावती फाडली: दोन माणसं, तीन रात्री.
खाली काहीतरी लिहून खोडलं. बूट असावा.

परतीच्या दिवशी पलीकडून एक गाडी उतरली,
तरुण जोडपं, हातात वही, वहीत तीन नावं.
त्यांनी विचारलं, कुठे राहावं?
हेरंबच्या एका पायात बूट,
दुसऱ्यात इनोंगेच्या मुलाची निळी रबरी चप्पल.
तो सविस्तर सुरू करणार, तोच मी हात वर केला:
थांब. आधी मला सांगा,
रात्री उठता का?

ती दोघं एकमेकांकडे पाहू लागली.
मुकेलाबाई नदीकडे तोंड करून दोर ओढत होता,
त्याची पाठ जरा जास्तच हलत होती.