प्रत्यय

पठारे फादर सेमिनरी हिलच्या थांब्यावर चढतात,
मंगळवारी अन् शुक्रवारी, बर्डीपर्यंत,
दातांच्या डॉक्टरकडं.
सुट्टे पैसे नेमके. खिशात कांदा, उन्हासाठी.

गेल्या शुक्रवारी गाडी रिकामी होती.
म्हणाले, चंद्रकला, तुझ्या गाडीचं पूर्ण नाव ठाऊक आहे?
मी म्हटलं, आपली बस. बाहेर लिहिलंच आहे नं.
हसले. चाळीस वर्षं लॅटिन शिकवली त्यांनी,
आता ऐकायला मी, अन् आरशातून इकरामभाई.

ऑम्निबुस. म्हणजे सर्वांना.
फ्रान्सात घोड्यांच्या एका लांब गाडीला हे नाव पडलं,
कोणीही चढावं म्हणून.
पुढं इंग्रजांना घाई.
त्यांनी डोकं-धड कापून टाकलं,
ठेवलं फक्त शेपूट: बस.
शब्द नाहीच तो, फादर म्हणाले,
नुसता प्रत्यय. चतुर्थी, अनेकवचन.

चतुर्थी म्हटल्यावर मला काटोलची शाळा आठवली.
स-ला-ते, स-ला-ना-ते.
घरी आम्ही 'सर्वाइले' म्हणायचो,
त्या 'ले'साठी तळहातावर छडी.
म्हणजे फादर, मी विचारलं,
'सर्वांना'मधले सर्व उतरून गेले
अन् 'ना' एकटाच फिरून राहिला गावभर?

त्यांनी चष्मा काढला. पुसत बसले.
चाळीस वर्षांत एकाही पोरानं, म्हणाले,
अन् तेवढ्यात व्हेरायटी चौक आला.

संध्याकाळी हीच गाडी कामठीला जाते.
दारात माणसं लटकलेली, पत्रा अजून तापलेला.
इंदोऱ्याला एक बाई धावत येते,
काखेत पोर, हातात शिलाई मशीनचं चाक:
थांबा ना, थांबा ना.
पत्र्यावर दोन थापा म्हणजे चल.
रोज मी दोनच मारते.
त्या दिवशी एक मारली अन् हात तसाच राहिला.

काहून थांबवली? इकरामभाई ओरडले. जागा कुठी आहे?
जागा नव्हतीच.
चाक आधी आत आलं, डोक्यांवरून,
मग पोर, मग ती.
कोणाचा तरी पाय कोणाच्या तरी पायावर.
मी तिकीट फाडलं.

फादरना हे सांगायचं होतं.
आज मंगळवार. थांब्यावर कोणी नव्हतं.
बसले असतील नवे दात.
तरी मी गाडी जरा थांबवली.