करंगळीखालची शाई

कवठ्याहून सुटलेली उमदी मुक्कामी
साडेनवाला लिंबाखाली थांबायची.
मुल्ला ड्रायव्हर टपावर अंथरूण टाकायचे,
मी खाली, मागच्या लांब सीटवर,
पायाशी तिकिटांची पेटी, छातीवर हेरकथा.

"दिवा घालवा हो," वरून आवाज यायचा,
"बॅटरी उतरली तर सकाळी धक्का
तुमचा तो हेर मारणार का?"
दोन पानं, म्हणायचो. दोनाची वीस व्हायची.

सांगली स्टँडच्या मागं बाबू तांबोळ्याकडं
आठ आण्यात आठवडाभर मिळायची असली पुस्तकं.
वर पिस्तूल, एक बाई, आणि रक्त
छपाईत जरा सरकून बाईच्या गालावर आलेलं.
डेपोतले हसायचे. बायको ती
देवळीत ठेवू द्यायची नाही.

पण समुद्र दिवसातून दोनदा येतो-जातो
हे मला एका खुनानं शिकवलं.
प्रेत टाकलं ओहोटीला, भरतीनं परत आणून दिलं.
जतच्या माळावर, जिथं टँकर आठवड्यातून एकदा,
मी रात्रभर विचार करत राहिलो:
एवढं पाणी, आणि रोज फुकटचे हेलपाटे घालतं.

मग एका पुस्तकात, पान बावन्नवर,
हेर कारकुनाचं मनगट धरून म्हणाला,
चिठ्ठी तूच लिहिलीस.
डावखुऱ्याचा हात ओल्या अक्षरांवरून सरकत जातो,
शाई करंगळीखाली उतरते.
मी वाचून पुढं गेलो. कारकून पळाला होता,
पाठलाग रंगात आला होता.

सकाळी नऊला घरी.
वैजूनं डब्यासाठी हात पुढं केला, उजवा.
दप्तराचा बंद सावरायला दुसरा वर गेला
आणि डाव्या तळहाताच्या कडेला,
करंगळीपासून मनगटापर्यंत,
निळा पट्टा.

बालवाडीत होती तेव्हा
याच हातावर मी फूटपट्टी मारली होती,
पाहुण्यांसमोर डाव्यानं भाकरी मोडली म्हणून.
त्यानंतर माझ्यापुढं सगळं उजव्यानं:
जेवण, पाटी, आरतीचं ताट.
मी गावभर सांगायचो, सुटली सवय.
सहा वर्षं पोरीनं गुंगारा दिला,
आणि तोही मला,
ज्याला बिनतिकिटवाला चेहऱ्यावरून कळतो.

बोललो काही नाही. काय बोलणार?
हेर असल्या वेळी सिगारेट पेटवतो.
मी बशीतून चहा प्यालो,
थोडा शर्टावर सांडला.

संध्याकाळी तिच्या अभ्यासाचा कंदील
डावीकडच्या खुंटीवरून काढला,
उजवीकडच्या खिळ्याला टांगला.
अक्षरावर हाताची सावली पडू नये, एवढंच.
तिनं कंदिलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
बराच वेळ वही उघडलीच नाही.
मी पाठ करून शेंगा फोडत बसलो.
मागं पेनाची खसखस सुरू झाली.
कुठल्या हाताची, ते वळून पाहिलं नाही.

पुस्तक परत करताना
तांबोळ्याला म्हटलं, शेवटची आठ पानं नाहीत.
तो म्हणाला, आठ आण्यात खुनीपण पाहिजे?

मुल्ला अजून भेटले की म्हणतात, कारकूनच असणार.
मी म्हणतो, नाही.
तो डावखुरा होता,
एवढंच सिद्ध झालंय.